व्रण कोणत्या गालावर

१

किंकाळी विरली, पडद्यावर शेवटची अक्षरं आली, अंबाजीनं बत्त्या लावल्या आणि तंबूतली सगळी माणसं उठली. गोदूबाई तेवढी उठली नाही.

आवडाबाईला आधी तिचा रागच आला. बायकांच्या दारावर उभं राहून तिला अकरा हंगाम झाले होते. कोण पदराखाली पोर लपवून आणतं, कोण दुःखाच्या सिनेमात आधीच रडायला लागतं, कोण खेळ सुटल्यावर उगाच रेंगाळतं, सगळ्याची तिच्या डोक्यात पक्की नोंद होती. गोदूबाई रेंगाळणाऱ्यांतली नव्हती. सुईणीच्या धंद्यात बाई घाईनंच जगते.

बोर्ली पंचतनच्या बाजाराबाहेर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, दिवाळी सरली की अंबाजीचा तंबू लागे. एकसष्ट सालच्या त्या हंगामातही लागला होता. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं. खेळाआधी त्यावर बादलीभर पाणी मारलं की चित्र दोन्ही अंगांनी दिसे. पुढल्या अंगाला मशीन आणि पुरुष, मागल्या अंगाला बायका, पडद्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या कनाती. मागून सिनेमाचं नाव उलटं दिसे. पण वाचता येणाऱ्या बायका होत्या किती, त्यामुळे तक्रार कुणी केली नव्हती.

गोदूबाई सगळ्यांच्या मागे, कनातीच्या कडेला, खांबाला पाठ टेकून बसली होती. गुडघे दुखत म्हणून ती रोज तिथेच बसे. आवडाबाईनं तिच्या खांद्याला हात लावला तशी मान एका अंगाला कलली आणि पदर घसरला. गळ्याभोवती दोरीचा काच होता. जाळ्याला लावतात तसली, करंगळीएवढी जाड, डांबर लावलेली दोरी.

आवडाबाई ओरडली नाही. तिनं ती दोरी ओळखली होती. तसली दोरी तिच्या धाकट्या भावाच्या घरात खुंटीवर टांगलेली असे.

२

सकाळी श्रीवर्धनहून हवालदार साळवी आले. पोटानं मोठे, आवाजानं लहान आणि बोलणं तोडायची सवय असलेले. मढं तपासणीला गेलं, आणि हवालदारांनी तंबूतच खुर्ची मांडून एकेकाला बोलावणं धाडलं.

अंबाजीचं म्हणणं असं, की तसल्या दोरीचे तुकडे तंबूत वीस ठिकाणी बांधलेत. तंबू उभा करताना आवडाबाईच्या भावानं, भिकूनंच, ते दिले होते. तो स्वतः मशीन सोडून हलला नव्हता. हलला असता तर चित्र थांबलं असतं, आणि ते थांबल्याचं कुणी म्हणत नव्हतं.

मग कोंडाजी. गिरणीत तेवीस वर्षं काढून गावी परतलेला हा माणूस जुन्या सिनेमांचा भक्त. 'जीना नंबर तेरा' हा बारा वर्षांपूर्वीचा रहस्यपट त्यानंच अंबाजीच्या मागे लागून आणवला होता. त्यातली नायिका शेवटी जिन्यावर किंकाळी फोडते, ती वीस आकडे मोजून होईपर्यंत थांबत नाही, आणि त्या वेळी बायका पदरानं डोळे झाकून घेतात, हे त्यानं आठवडाभर दादूच्या हॉटेलात बसून सगळ्या गावाला ऐकवलं होतं. म्हणजे खून करणाऱ्यानं कधी करायचा, ते कोंडाजीनंच जाहीर केल्यासारखं. हवालदारांनी तसं बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हातारा पांढरा पडला.

अनंता कंपाउंडरचा जबाब सगळ्यांत नेटका निघाला. दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतो तसा तो बोलला. पुरुषांच्या बाजूला, चौथ्या रांगेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जागा सोडली नाही. हवालदारांनी तो तसाच लिहून घेतला आणि त्याची सही घेतली. अनंता नव्या सिनेमाचा माणूस. पँटीला इस्त्री, केसांना तेल, महिन्यातून एकदा मुंबई. पुढच्या पंधरवड्यात दिवेआगरात त्याचं लग्न होतं.

शेवटी भिकू. त्याचं आणि गोदूबाईचं वैर सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षापूर्वी त्याची बायको बाळंतपणात गोदूबाईच्या हाताखाली गेली, पोरही गेलं. आदल्याच दिवशी भरबाजारात त्यानं गोदूबाईवर कोयता उगारला होता आणि तिचा गळा दाबायची भाषा केली होती. चार बायकांनी ते ऐकलं. आवडाबाईनं तर त्याचा हात धरून कोयता काढून घेतला होता.

हवालदारांनी विचारलं, सिनेमाचा शेवट काय.

"म्हाईत न्हाय," भिकू म्हणाला. "मधल्या सुट्टीत उठलो नि बंदरावर जाऊन बसलो."

"का?"

"त्यात एक बाई मरते. मला बघवलं न्हाय."

कुणी पाहिलं, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. बंदरावर खेकडे होते, ते जबाबाला यायचे नाहीत.

तीनच्या एस.टी.नं त्याला श्रीवर्धनला न्यायचं ठरलं. तिथून अलिबाग, तिथून पुढे काय ते आवडाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. पण तंबूबाहेर उभी राहून ती थरथरत होती ती नुसती त्याच्या फाशीच्या भयानं नव्हे. कोयता काढून घेताना तिनं त्याचे डोळे पाहिले होते. हा माणूस खून करील, असं त्या क्षणी तिला वाटलं होतं; आणि आता ते वाटणं पुसता येत नव्हतं.

३

अनंता तिच्यामागे केव्हा येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"काकू, तुमचे हात कापतायत," तो हळू आवाजात म्हणाला. "रात्री तुम्ही दारावर होतात. काही दिसलं का हो?"

तिनं खरं ते सांगितलं. दिसलं काहीच नाही. पण काहीतरी मनाला टोचतंय, ते काय तेच उमगत नाही.

त्यानं मान हलवली, दवाखान्यात गेला आणि लाल औषधाची छोटी बाटली आणून तिच्या हातात दिली. दोन घोट घ्या आणि पडून राहा, काहीही आठवायचा त्रास होणार नाही, म्हणाला. तिनं बाटली कमरेला खोचली आणि भावासाठी चहा न्यायला दादूच्या हॉटेलाकडे गेली.

हॉटेलात सिनेमावर भांडण पेटलेलं होतं. मढं गावाबाहेर गेलं त्याला चार तास झाले नव्हते. पण माणसं घाबरली की जवळ येऊन बसतात, आणि जवळ बसली की रोजचंच भांडतात. आज भांडणाला धार होती, कारण जुन्या सिनेमानंच खून शिकवला असं बाजार म्हणत होता आणि कोंडाजीला स्वतःची मान वाचवायची होती.

त्याचं म्हणणं, जुन्या सिनेमात मारणारा दिसतच नसे. एक सावली, एक दार, पायरीवर पाऊल. बाकीचं भय माणसानं स्वतः घालायचं. आताच्या रंगीत सिनेमात खून होतो आणि पुढच्या मिनिटाला नायक बर्फावर गाणं म्हणतो.

"रक्त लाल दाखवलं की भीती तिथंच संपते," तो म्हणाला. "काळं दाखवलं की ती घरी घेऊन जावी लागते."

अनंताही तिथे येऊन बसला होता. त्यानं बशीत चहा ओतला. कोंडाजीची टर उडवायची संधी तो एरवीही सोडत नसे, आणि आज त्याला काल सगळा खेळ पाहिल्याचं दाखवायचंही असावं. नव्या सिनेमात कॅमेरा मोटारीतून धावतो, माणसं माणसांसारखी बोलतात, कपडे अंगावर बसतात, असं त्यानं ऐकवलं. जुन्यात दोन दिवे आणि पिंपभर धूर. त्यातही धड लक्ष नाही.

"तुमच्या थोर दिग्दर्शकाची चूक सांगू का, कोंडाजीदादा? मध्यंतराआधी तो माणूस सिगारेट पेटवतो, तेव्हा व्रण डाव्या गालावर. शेवटी जिन्यावर मफलर घसरतो, तेव्हा उजव्या. रंग लावणाऱ्यालासुद्धा आठवलं नाही."

कोंडाजी ताडकन उठला. नऊ वेळा पाहिलाय मी, दोन्ही वेळा डाव्याच, असं तो इतक्या जोरात म्हणाला की कप हिंदकळला. म्हाताऱ्याला आता डावं-उजवंही कळेना म्हणून सगळे हसले.

आवडाबाई हसली नाही. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला होता. उजव्या. सिगारेट पेटवताना उजव्या आणि जिन्यावरही उजव्या; दारावरून तिनं दोन्ही वेळा पाहिलं होतं, कारण गर्दीवर नजर ठेवायची म्हणून ती कधीच डोळे झाकत नसे.

कोंडाजीला दोन्ही वेळा डावा. तिला दोन्ही वेळा उजवा. आणि अनंताला आधी डावा, मग उजवा.

शाळेत जाणाऱ्या पोरी तंबूत आल्या की अक्षरांकडे बोट दाखवून का हसतात, ते तिला आठवलं, आणि चहाचा लोटा हातातच थंड झाला. पाठीमागून अनंता विचारत होता, "काकू, औषध घेतलंत ना?"

४

अंबाजी तंबूत रिळं डब्यांत भरत होता. आवडाबाईनं त्याच्याकडे शेवटचं रीळ मागितलं तेव्हा त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. ती मागेच लागली, तेव्हा त्यानं फिल्म उलगडून दारातून येणाऱ्या उन्हात धरली. टिचभर चौकटीत एक माणूस होता, गळ्याशी सुटलेला मफलर, तोंड पुढे.

"व्रण कंच्या गालावर हाय?"

अंबाजीनं डोळे बारीक करून सांगितलं, डाव्या. सिगारेटच्या वेळी? त्यानं दुसरं रीळ काढून पाहिलं. तिथेही डाव्याच.

"आता पालटून धर."

त्यानं पट्टी पालटली. आता गाल उजवा झाला होता. अंबाजी पट्टीकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. एवढी वर्षं तो बायकांना सिनेमा उलटा दाखवत होता आणि त्याला ते ठाऊकही होतं. पण त्यातून कुणाच्या मानेला फास लागेल किंवा सुटेल हे कुठून सुचावं.

तिनं आणखी एकच विचारलं. मध्यंतरानंतर त्या माणसाचा उघडा गाल कितीदा दिसतो? अंबाजीला सिनेमा तोंडपाठ झाला होता. एकदाच, तो म्हणाला. नाहीतर सारा वेळ मफलर. एकदाच, जिन्यावर, आणि त्याच्या पाठोपाठ किंकाळी.

कनात हलली. आवडाबाईनं दचकून मागे पाहिलं. वारा होता. पण कनातीची खालची कड जिथे हलत होती, तिथली खुंटी उपटलेली होती, आणि ती जागा गोदूबाईच्या खांबापासून दोन हातांवर होती.

५

दोन वाजता हवालदारांनी सगळ्यांना पुन्हा तंबूत बोलावलं, कारण आवडाबाई त्यांच्या खुर्चीपुढे बसून राहिली आणि उठेना. भावासाठी बहीण काहीही म्हणेल, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. दहा मिनिटं दिली.

दहांतली दोन तिनं वाया घालवली. कमरेची बाटली काढून ती अनंतापुढे ठेवली आणि त्याला दोन घोट घ्यायला सांगितलं. अनंतानं बूच काढलं, दोन घोट घेतले, ओठ पुसले आणि हसला.

"झोपेचं आहे काकू, विषाचं नाही. कडू मात्र आहे."

माणसं सुटल्यासारखी हसली. हवालदारही हसले. बाटलीत विष असेल, हे हॉटेलापासूनचं आवडाबाईचं भय खोटं निघालं होतं, आणि त्यासोबत तिचा शब्दही हलका झाला होता. दाराशी भिकू हातात बेड्या घालून बसला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"मग आता सिनेमाचं सांग," ती म्हणाली. "जिन्यावर व्रण कंच्या गालावर व्हता?"

"सकाळीच सांगितलं. उजव्या."

"सिगारेट पेटवताना?"

"डाव्या. चूकच आहे ती त्यांची. सगळ्यांसमोर बोललोय."

तिनं कोंडाजीला विचारलं, डाव्या, दोन्ही वेळा. तिनं पुढच्या रांगेतल्या तिघांना विचारलं. नीट आठवून त्यांनीही डाव्याच सांगितलं. मग तिनं बायकांच्या बाजूला बसलेल्या तिघींना बोलावलं. त्यांना उजव्या आठवत होता, दोन्ही वेळा. हवालदार कंटाळून म्हणाले की अर्धं गाव एक म्हणतं, अर्धं दुसरं, यातून खून कसा निघतो.

अंबाजी पुढे आला आणि त्यानं फिल्म उन्हात धरली. हवालदारांनी खाली वाकून पाहिलं. डावा. त्यानं पट्टी पालटली. उजवा. हवालदारांनी तीनदा पालटायला लावली, आणि तिसऱ्यांदा त्यांचा लहान आवाज आणखी लहान झाला.

"कापडाच्या पुढं बसलं की डावा," आवडाबाई म्हणाली. "मागं बसलं की उजवा. पुरुषांना डावाच दिसनार, आमाला उजवाच. सिनेमात चूक न्हाय सायेब. ह्या एकाला दोन गाल दिसले, कारन ह्यानं आर्धा सिनेमा हिकडून बगितला नि आर्धा तिकडून."

अनंता पटकन म्हणाला की हो, मध्यंतरात तो लघवीला उठला होता, येताना चुकून त्या बाजूनं डोकावला असेल. हवालदारांनी खिशातून जबाब काढला आणि त्याची सही त्याच्यापुढे धरली. जागा सोडली नाही.

"डोकावला असंल," आवडाबाई म्हणाली. "पन मधल्या सुट्टीनंतर त्यो गाल येकदाच उघडा पडतो. किंकाळीच्या येळंला. त्या येळंला तू आमच्याकडं व्हतास. त्या खांबापाशी, जिथली खुंटी उपटलीय. समद्या बाया पदर तोंडावर घेऊन बसल्या व्हत्या, माजी नजर कापडावर व्हती, नि गोदूबाई तुज्या हाताखाली व्हती."

का, हेच आता उरलं होतं. ते तिला पुरतं ठाऊक नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलंही. पण तंबूत शिरताना गोदूबाई तिला म्हणाली होती, की उद्या दिवेआगरला जायचंय, एका पोरीला हळद लागायच्या आत एक गोष्ट तिच्या बापाच्या कानावर घालायचीय. ही पोर कोण, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. त्या पंधरवड्यात दिवेआगरात बोर्लीच्या एकाच माणसाचं लग्न होतं.

गोदूबाई महिन्यापूर्वी लेकीकडे मुंबईला जाऊन आली होती, हे पुरुषांतूनच कुणीतरी बोललं. लेक परळला राहते. अनंता परळलाच जातो, दर महिन्याला.

अनंतानं एकदा दाराकडे पाहिलं. तिथे कोंडाजी उभा होता, आणि त्याच्यामागे निम्मा बाजार.

"तिनं मला बाळासकट पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "मी तिच्या पाया पडलो होतो, हवालदारसाहेब. पाया पडलो होतो."

त्याच्या ट्रंकेत परळच्या बायकोची सात पत्रं सापडली. तीनच्या एस.टी.त हवालदारांनी त्याला खिडकीजवळ बसवलं. औषधानं त्याचे डोळे मिटत होते.

६

भिकूच्या बेड्या काढल्या तेव्हा त्याच्या मनगटांवर वळ उठले होते. भाऊबहीण शेताच्या बांधावरून कोळीवाड्याकडे चालू लागली. माणसं दारांतून पाहत होती आणि काही जण आवडाबाईची तारीफ करत होते. तिला ती ऐकू येत नव्हती.

अर्धी वाट झाल्यावर भिकू थांबला.

"आक्का, येक सांग. तुला काय वाटलं व्हतं? म्या केलं, आसं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सगळ्या गावापुढे तिनं त्याच्यासाठी जे केलं होतं, त्यावर हे एक खोटं सहज झाकून गेलं असतं. पण हाच भाऊ रोज तिच्या समोर जेवायला बसणार होता, आणि तिच्या तोंडाकडे पाहून त्याला आज ना उद्या कळलंच असतं.

"व्हय," ती म्हणाली. "रातभर वाटलं. सकाळीबी वाटलं. त्यो गालाचं बोलला तवर वाटत व्हतं."

भिकूनं मान हलवली. जणू त्याला हेच उत्तर हवं होतं, किंवा हेच नको होतं. त्याच्या पाठीवरून ते ओळखता येईना. तो वळला आणि पुढे निघाला, भरभर, दहा पावलं, वीस पावलं. आवडाबाई बांधावर उभी राहिली. हाक मारायचा आपल्याला आता हक्क आहे का, हे तिला कळेना.

वाडीच्या वळणावर तो दिसेनासा झाला. तिनं मनात वीस आकडे मोजले. मग तो वळणावरून परत आला, तिथेच बांधावर बसला, आणि तिच्याकडे न पाहता मनगटं चोळत तिची वाट पाहू लागला.